अडतीस ते चाळीस

उर्पो केत्तुनेनच्या तळहातावर
चाकाच्या कडेचा घट्टा आहे, अर्धवर्तुळ.
एकतीस वर्षं तो चार नंबरच्या पंपाची झडप पिळत आला :
कागद पातळ हवा, दोन आटे इकडे,
जाड हवा, दोन आटे तिकडे.
खाली मोटर मात्र एकाच सुरात,
पन्नास हर्ट्झ, नाताळच्या रात्रीही,
बाहेरचं तळं गोठून रस्ता झालं तरी.

घोड्याला टाच मारत राहायचं
आणि लगामही ओढून धरायचा,
असं म्हणाले मी.
तो म्हणाला, घोडा मी कधी पाळला नाही.
झडप पाळली.

मी आले फेब्रुवारीत, उणे सव्वीसमध्ये,
गाडीत माणसाएवढं राखाडी कपाट,
आत तांब्याच्या पट्ट्या, पंखे, तळव्याएवढा पडदा.
रीत्वाबाईंनी विचारलं, किती वाचेल?
मी एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं :
वेग पाचातला एक हिस्सा उतरवा,
वीज जवळजवळ निम्मी.
त्यांनी दोनदा वाचलं,
घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.

उर्पोने वाचलं नाही.
"मग झडपेचं काय?"
"पूर्ण उघडी."
"कायमची?"
"कायमची."
म्हाताऱ्या कुत्र्याची साखळी सोडली
तरी ते जागचं हलत नाही,
तसा तो चाक धरून उभा.

शेवटचे चौदा आटे त्यानेच फिरवले.
दांडा वर येत गेला, आणि त्याचे खालचे आटे
कोरे निघाले, चकचकीत,
कारखान्याच्या पहिल्या दिवसाचं ग्रीस अजून मधासारखं.
इथवर कुणी आलंच नव्हतं.

मग मी वेग उतरवू लागले.
सत्तेचाळीस. पंचेचाळीस.
झडपेच्या घशात कायम असायची ती खरखर,
डब्यात वाळू हलवल्यासारखी,
ती विरत गेली.
एवढी वर्षं आम्ही तिला पाण्याचा आवाज समजायचो.
ती वीज होती.
कुठल्याशा नदीवरच्या धरणातून इथवर आलेली,
आणि या अरुंद फटीत खरवडून खरवडून
नुसती कोमट झालेली.

बेचाळीस. चाळीस.
पंपघरात पहिल्यांदा कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं.

एकोणचाळीसला उर्पोने हात वर केला.
पडद्यावर सगळं हिरवं, एकही इशारा नाही.
त्याने खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक नळावर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले.
"इथे नळ गुणगुणतोय, पोरी.
असाच ठेवलास तर तिसरा आधार
वसंत बघणार नाही."

मला काही ऐकू येईना.
मी हातमोजा काढला, तळवा टेकवला :
कातडीखालून मुंग्यांची रांग चाललेली.
अडतीसला गेलो, मुंग्या नाहीत.
चाळीसला आलो, नाहीत.
मधल्या त्या चिंचोळ्या जागेतच त्यांचं वारूळ.

म्हणून कपाटाच्या अकराव्या पानावर
मी दोन आकडे भरले :
अडतीस, चाळीस.
यांच्यामध्ये थांबायचं नाही, झटकन ओलांडायचं.
नाव लिहायला तिथे रकाना नव्हता.

जूनमध्ये तो निवृत्त झाला.
झडपेला साखळी आहे, साखळीला कुलूप,
किल्ली चुकून त्याच्याच जाकिटात गेली,
असं तो सांगतो.

मध्यंतरी रात्रपाळीला मी तिथे उभी होते.
यंत्राने मागणी कमी केली, आकडे उतरू लागले,
बेचाळीस, एकेचाळीस, चाळीस,
आणि पापणी लवायच्या आत अडतीस.
घरातली माणसं काळोखातही
करकरणाऱ्या पायरीवर पाय ठेवत नाहीत,
तसं.

विजेचं बिल आलं की रीत्वाबाई मला फोन करून आकडा सांगतात,
आनंदाने, दशांशासकट.
तो मी उर्पोला कळवते.
आकड्याला तो हं म्हणतो.
मग विचारतो, मासे ओढताना थांबल्यासारखा,
"अजून ओलांडतो ना?"